कागदावर नसलेली जखम

गौराबाईनं नवऱ्याच्या डाव्या नडगीवर, घोट्यापासून चार बोटं वर, अंगठा टेकवला आणि दाबला. पाच मोजून सोडला. अंगठ्याच्या जागी खळगा राहिला. मग तिनं मनातल्या मनात 'ओम नमः शिवाय' म्हणायला सुरुवात केली. खंडेनवमीच्या दिवशी हा खळगा सहा जपांत भरून आला होता. आज अकरा लागले.

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. पायाला तेल लावताना एकदा अंगठ्याचा ठसा उमटलेला दिसला, हळूहळू मावळताना दिसला, आणि दुसऱ्या दिवशी तो जास्त वेळ राहिला, एवढंच. मोजलं की काय चाललंय ते कळत होतं. थांबवता मात्र येत नव्हतं.

जखम त्याच्या वर, नडगीच्या मध्यावर होती. तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. दोन वर्षं ती मिटायची आणि पुन्हा उघडायची. मिटली की शिवरुद्रला ताप यायचा. उघडली की पू वाहायचा आणि ताप उतरायचा. या खेपेला ती उघडी असूनही ताप होता. आठ दिवसांपूर्वी पट्टी सोडताना जखमेतून हाडाची कपची निघाली होती, बाभळीच्या काट्याएवढी, एका बाजूनं खडबडीत.

"किती?" शिवरुद्रनं विचारलं.

"अकरा."

"आन् काल?"

"नऊ."

"म्हणजे बढती मिळायलीय. फौजेत चार वर्षांत एकदा न्हाई मिळाली."

ती हसली नाही. तिनं पट्टी बांधली आणि सासऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, पण त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आता छावणीला न्यायला पायजे."

शिवरुद्र ताडकळसचा. त्याच्या वडिलांचं, वीरुपाक्षप्पांचं, पेठेत किराणा दुकान होतं. मोठ्या लढाईच्या काळात एका बाजाराच्या दिवशी भरतीवाले आले आणि शिवरुद्रनं नाव दिलं. खच्चर पलटण निवडली, कारण तिथं माणसं मारायची नसतात, ओझी वाहायची असतात, असं त्याला वाटलं होतं. ब्रह्मदेशाच्या डोंगरात तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या नडगीत शिरला. खच्चर मेलं, तो वाचला. सात महिने तो फौजी इस्पितळात होता. पेनिसिलीनची सुई दर तीन तासांनी, झोपलेला असला तरी उठवून. त्यांनी पाय राखला, त्याचं नाव पलटणीतून कमी केलं आणि जाताना हातात एक कार्ड दिलं.

कार्ड मातकट रंगाचं, जाड, मधोमध दुमडलेलं होतं. नंबर, नाव आणि गाव छापील. त्याखाली इस्पितळातल्या मेजरनं स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या आणि वाचूनही दाखवल्या होत्या. जखम लढाईतली आहे, हाडात दोष उरलेला आहे, पुन्हा उघडल्यास कोणत्याही फौजी इस्पितळात दाखल करून घ्यावे. या ओळी शाईच्या पेन्सिलीनं लिहिलेल्या होत्या. ही पेन्सिल कोरड्या कागदावर करडी उमटते आणि खोडून निघत नाही, म्हणून फौजेत सगळीकडे तीच चालायची. पाणी लागलं की मात्र ती विरघळते आणि जांभळी होते. हे ताडकळसमध्ये कुणाला माहीत नव्हतं.

तो घरी आल्यावरच्या पहिल्या खंडेनवमीला गावानं औतं पुजली. वीरुपाक्षप्पांनी तराजू आणि मापं पुजली. मग त्यांना वाटलं, पोराचं हत्यार कुठं आहे? बंदूक तर फौजेत जमा झालेली. त्यांनी कार्ड पाटावर ठेवायला सांगितलं, ओल्या विभूतीचे तीन पट्टे त्याच्यावर ओढले आणि सुनेला म्हणाले, "पाणी घाल." गौराबाईनं इष्टलिंगाच्या पूजेचं पाणी फुलानं शिंपडलं. बघता बघता कागदावर जांभळा रंग फुलला. वीरुपाक्षप्पांचे डोळे भरून आले. नीळकंठानं पोराच्या कागदावर खूण केली, असं त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा पूजा झाली आणि या वेळी पाणी जास्त घातलं. आता त्या दोन ओळींच्या जागी तळहाताएवढा एक जांभळा डाग होता, त्यात विभूतीचे पांढरे पट्टे.

फौजेची छावणी दूर होती, निजामाच्या मुलखाबाहेर. पूर्णा स्टेशनापर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडीनं एक रात्र आणि अर्धा दिवस. गौराबाई बरोबर गेली, कारण पट्टी दिवसातून दोनदा बदलावी लागत होती.

छावणीतल्या दवाखान्याच्या दारात एका टेबलाशी कारकून बसला होता. पुण्याकडचा होता, त्यामुळे बोलणं मराठीत झालं. त्यानं कार्ड उजेडाकडे धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"हे काय केलंय?"

"पूजा केली, साहेब," वीरुपाक्षप्पा म्हणाले. आवाजात अजून अभिमान होता.

"नंबर दिसतोय. नाव दिसतंय. जखमेची नोंद दिसत नाही."

"जखम हितं हाय की," शिवरुद्र म्हणाला आणि त्यानं पाय बाकावर ठेवला. पट्टीतून ओल आली होती.

"ती दिसतेय मला. पण ती कुठली, हे काही पायावर लिहिलेलं नाही. उद्या कुणी विळ्यानं कापून घेऊन येईल."

"आमच्या खच्चरांचे नंबर खुरावर डागलेले असायचे, साहेब. खूर वाढला की म्या स्वतः पुन्हा डागायचो. तसं मलाबी डागलं असतं तर बरं झालं असतं."

कारकून हसला. मग कार्ड ठेवून म्हणाला, "खच्चर मरेपर्यंत सरकारचं असतं. तुझं नाव कमी झालं, तू आता तुझ्या घरचा. आणि घर निजामाच्या मुलखात. तिथं सरकारी दवाखाना आहे ना?"

"तितं पेनिसिलीन न्हाई."

"ते मला माहीत आहे," कारकून म्हणाला.

तो वाईट माणूस नव्हता. त्यानं तिघांना चहा पाजला, डॉक्टरला विचारून येतो म्हणून आत गेला आणि अर्ध्या तासानं बाहेर आला. डॉक्टरनं सांगितलं होतं की जिथं पलटणीचे जुने कागद असतात त्या कचेरीला पत्र लिहा. तिकडून नोंदीची नक्कल आली की त्याच दिवशी खाट देऊ. कारकुनानं त्यांच्या देखत पत्र लिहिलं. उत्तर कुठं पाठवायचं, असं विचारलं तेव्हा शिवरुद्र पट्टीकडे बघत म्हणाला, "परभणी. सरकारी दवाखाना. म्या तितंच असणार."

बाहेर आल्यावर वीरुपाक्षप्पांनी कार्ड धोतराच्या सोग्यानं पुसलं. डाग कोरडा होता, त्यामुळे काही झालं नाही.

परभणीच्या दवाखान्यात आत खाट नव्हती. शिवरुद्रला पूर्वेच्या पडवीत जागा मिळाली. डॉक्टर मोहियुद्दीन पन्नाशीचे, बारीक अंगाचे. सगळ्या जिल्ह्याचा दौरा त्यांच्याकडे होता, त्यामुळे महिन्यातले बारा दिवस ते दवाखान्यात नसत. पहिल्या दिवशी त्यांनी जखमेत सळई घातली. सळई आत, तिरपी, दोन बोटं गेली आणि खटकन कशाला तरी लागली. शिवरुद्रनं पडवीच्या खांबाला धरलं.

"हाड आतून मेलंय, अप्पा," डॉक्टर वीरुपाक्षप्पांना म्हणाले. "मेलेलं हाड अंगात राहिलं तर पू थांबत न्हाई. ते काढायला मी चार वेळा कापीन, तरी मागं थोडं राहीलच. पेनिसिलीन असतं तर हिंमत केली असती. मागणी पाठवलीय, कधी येईल सांगता येत न्हाई. गुडघ्याखाली चार बोटं सोडून पाय काढू द्या. माणूस राहील."

वीरुपाक्षप्पा खाटेच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "छावणीचं पत्र येणार हाय, डॉक्टरसाब. पत्र आलं की ते नीट करून देणार हायेत."

"कधी?"

"महिन्या-दीड महिन्यात."

डॉक्टरांनी पायाकडे पाहिलं आणि मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते कुणाला कळलं नाही.

गौराबाई सासऱ्यांच्या देखत परक्या पुरुषाशी बोलत नसे. त्यांच्या घरात ती रीत होती आणि तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. पडवी झाडणारी, भांडी घासणारी आणि रुग्णांना उठवणारी-बसवणारी तानुबाई हे पहिल्याच दिवशी ओळखून चुकली. डॉक्टरांनी काही विचारलं की गौराबाई तानुबाईच्या कानाशी बोलायची आणि तानुबाई ते मोठ्यानं सांगायची.

"ती म्हणायलीय, वीस झाले."

"कशाचे वीस?"

पुन्हा कुजबुज. "पायात खड्डा पडतोय न्हवं, तो भरायला वीस जप लागायलेत. नवमीला सा लागत होते. रोज मोजती ती."

डॉक्टर थांबले. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं. "दाबायला सांग तिला."

गौराबाईनं दाबलं, सोडलं, आणि ओठ न हलवता मोजलं. डॉक्टर सेकंदकाट्याकडे बघत होते. वीस जपांना अडतीस सेकंद लागले. त्यांनी दुसऱ्यांदा करायला सांगितलं. पुन्हा अडतीस. मग त्यांनी शिवरुद्रच्या कागदावर, तापाच्या आकड्यांशेजारी, उर्दूत एक नवीन रकाना आखला आणि त्या दिवसापासून ते रोज सकाळी तानुबाईला विचारू लागले, "आजचा आकडा?"

"माझी पोटची पोरगी असती तर डाक्टरीण केली असती," तानुबाई तिला म्हणाली. "न्हाईतर बघ, मुकी सून."

गौराबाईला त्यात सुख वाटलं असतं. पण आकडा वाढतच होता. तेवीस. सव्वीस. कागदावर तो एकाखाली एक उतरत गेला आणि त्यामुळे काहीच बदललं नाही.

रोज सकाळी डॉक्टर खाटेपाशी येत, कागद बघत आणि विचारत, "काय ठरलं?"

वीरुपाक्षप्पा फाटकाकडे बघत. डाक दुपारी यायची. डाकवाला पडवीवरून जाताना ते उठून उभे राहत, आणि तो पुढं गेला की बसत.

एका सकाळी ते स्वतःहून बोलले. "डॉक्टरसाब, आमच्यात जाळत न्हाईत. माणूस गेला की आंघोळ घालतेत, मांडी घालून बसवतेत, हातात लिंग देतेत, आन् बसल्या बसल्या मातीत ठेवतेत. पाय नसला तर मांडी कशी घालायची?"

तानुबाई बादली घेऊन मागं उभी होती.

"मांडी मेल्यावर घालायची हाय, अप्पा," ती म्हणाली. "आधी जिता हाय तवर त्याला उठून बसू तर द्या."

"तू तुझं काम कर," वीरुपाक्षप्पा म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

शिवरुद्र डोळे मिटून पडला होता. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "तुझा काय फैसला?"

"अप्पा म्हणतील तसं."

"पाय तुझा हाय."

"चार वर्षं पलटणीत मला कुणी काय विचारलं न्हाई, साहेब. उठ म्हणले की उठलो, चल म्हणले की चाललो. सवय मोडली." मग डोळे न उघडता म्हणाला, "तिकडं खच्चरांचा घसा कापायचे. ओरडलं तर जपानी गोळा टाकील म्हणून. डाक्टर भूल द्यायचा, दोन मिंटात आवाज काढायचा. लय हुशार डाक्टर होता. मग तोंड उघडायचं ते जनावर, पर आवाज न्हाई. रोज सकाळी चंदी घालायला गेलो की तोंड उघडायचं."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

मार्गशीर्षात जांघेत गाठ आली. प्रथम लिंबाच्या बीएवढी, आठ दिवसांत सुपारीएवढी. सूज गुडघ्याच्या वर चढली. आता डॉक्टर गुडघ्याखाली चार बोटं म्हणत नव्हते. एके दिवशी त्यांनी आपली दोन बोटं मांडीच्या मध्यावर ठेवली आणि म्हणाले, "आता इथून." वीरुपाक्षप्पांनी ती बोटं पाहिली आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. महिनाभर थांबण्याचं मोल आता त्यांच्या डोळ्यांपुढं होतं, गुडघ्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत. पण पत्र अजून यायचं होतं. आज हो म्हणावं आणि उद्या पत्र यावं, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

पत्र संक्रांतीच्या चार दिवस आधी आलं. डाकवाल्यानं ते दवाखान्याच्या कचेरीत दिलं, तिथून डॉक्टरांकडे गेलं, आणि डॉक्टर ते घेऊन स्वतः पडवीत आले. वीरुपाक्षप्पा उभे राहिले. गौराबाई खाटेच्या पलीकडं, भिंतीला पाठ लावून.

डॉक्टरांनी इंग्रजी मजकूर मनात वाचला, मग मराठीत सांगितला. पलटणीच्या कागदांच्या कचेरीला अर्ज मिळाला होता. ब्रह्मदेशातल्या त्या तुकडीचे कागद अजून लावून व्हायचे होते. तरी अर्जदारानं जखमेची मूळ नोंद असलेलं कार्ड पाठवावं. ते तपासून कचेरी नोंदीची नक्कल देईल.

वीरुपाक्षप्पांना प्रथम नीट कळलं नाही. "म्हणजे कार्ड पाठवायचं?"

"नोंद असलेलं कार्ड."

"नोंद न्हाई म्हणून तर लिहिलं होतं."

"हो," डॉक्टर म्हणाले.

शिवरुद्र हसायला लागला. हसताना त्याला खोकला आला आणि खोकल्यानं पाय हलला. वेदना संपेपर्यंत तो थांबला, मग म्हणाला, "फौज हाय, अप्पा. अशीच असती."

वीरुपाक्षप्पांनी पत्र हातात घेतलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी ते ओळींवरून बोट फिरवत राहिले. "पुन्हा लिहू," ते शेवटी म्हणाले. "तुमी लिवा, डॉक्टरसाब. पाणी कसं लागलं ते सगळं लिवा. माझं नाव घाला. म्या घालायला लावलं म्हणून लिवा."

डॉक्टरांनी तिथंच बसून पत्र लिहिलं. वीरुपाक्षप्पांचं नाव घातलं. मग उठताना म्हणाले, "मी बुधवारी दुपारी दौऱ्यावर जातोय. नऊ दिवस. माझ्यामागं इथं कापणारा कुणी न्हाई. क्लोरोफॉर्म एका माणसापुरता ठेवलाय. बुधवार सकाळपर्यंत सांगा. हा शुद्धीवर नसला तर घरचं कुणीही सांगितलं तरी चालेल." त्यांनी वाक्य पुरं केलं आणि मग, विचारलेलं नसताना, आणखी एक बोलले. "आज काढला तरी जगेल, असं मी म्हणत न्हाई. न काढता जगणार न्हाई, एवढं म्हणतो."

मंगळवारी वीरुपाक्षप्पा पहाटे उठून गाडीनं पिंगळीला गेले. तिथं त्यांच्या ओळखीचे एक वृद्ध जंगम स्वामी होते. दुपारी परत आले तेव्हा पडवीच्या पायरीवर बसले. गौराबाई पट्ट्या उकळून वाळत घालत होती. तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ ठेवला आणि मागं सरून उभी राहिली.

"स्वामी म्हणले, बसवता येतंय," ते समोर बघत म्हणाले. "मातीचा आधार द्यायचा म्हणले. त्यात दोष न्हाई."

ती वाट बघत राहिली.

"मग म्या विचारलं, कार्डावर पाणी घातलं त्याचा दोष कुणाला? ते म्हणले, कसलं कार्ड?" वीरुपाक्षप्पांनी तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला. "सांगितलं न्हाई. उठून आलो."

"पाणी म्या घातलं, मामंजी."

"म्या सांगितलं म्हणून घातलंस." त्यांनी तांब्या बाजूला सारला. "पेठेतल्या लोकांना बोलावून दाखवलं म्या. नीळकंठाचा रंग म्हणून दाखवलं."

तिला वाटलं, आता ते हो म्हणतील. जंगमांनी वाट मोकळी करून दिली होती. पण त्यांनी पायरीवरून उठून डाकवाला गेला का, ते विचारलं.

गेला होता. काल टाकलेल्या पत्राचं उत्तर आज येणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

संध्याकाळी उजेड असेपर्यंत शिवरुद्र शुद्धीवर होता. गौराबाईनं त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि सासरे नळावर गेलेले पाहून हळूच विचारलं, "तुमी काय म्हणताव?"

"कशाला?"

"पायाला."

"खच्चराचा पाय गेला की गोळी घालायचे," तो म्हणाला. "त्यात विचारायचं काय नसायचं. अगं, तू मोजतीस की रोज. तुला म्हायती असंल."

"म्हायती हाय."

"मग मला कशाला विचारायलीस?"

तिनं फडकं पिळून पुन्हा ठेवलं. सकाळपासून तिनं पाय दाबलेला नव्हता. सूज आता इतकी ताठ होती की खळगा पडतच नव्हता, आणि मोजायला काही उरलं नव्हतं.

बुधवारी सकाळी शिवरुद्रनं कुणाला ओळखलं नाही. तो पलटणीतल्या हिंदुस्थानीत जनावरांची नावं घेत होता, एकामागून एक, चढावर रांग लावल्यासारखी. जांघेपासून पोटाकडे एक तांबडी रेघ गेली होती. तानुबाईनं ती पाहिली आणि बादली खाली ठेवली.

डॉक्टर आठ वाजता आले. बाहेर दौऱ्याचा टांगा उभा होता, त्यात पेट्या चढवणं चाललं होतं. त्यांनी नाडी मोजली, रेघ पाहिली, कागद उचलला आणि खाली ठेवला.

"काय ठरलं, अप्पा?"

वीरुपाक्षप्पा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांचे ओठ हलले. "स्वामी म्हणले, बसवता येतंय."

"म्हणजे काढू?"

"मातीचा आधार द्यायचा म्हणले."

"अप्पा, मी काय विचारतोय?"

"आज डाक यायची हाय," वीरुपाक्षप्पा म्हणाले.

"दुपारी येती. मी दुपारी नसणार." डॉक्टरांचा आवाज चढला नाही. "दहा वाजेपर्यंत टेबल तयार केलं तर बारापर्यंत होतंय. आता सांगितलं तर."

वीरुपाक्षप्पांनी फाटकाकडे पाहिलं. मग मुलाकडे, मग डॉक्टरांच्या हातांकडे. त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. दोन्ही हात खाटेच्या गजावर घट्ट होते.

डॉक्टर थोडे थांबले. टांगेवाल्यानं पेट्या झाल्या म्हणून हाक दिली. त्यांनी घड्याळ पाहिलं, ते बंद करून खिशात टाकलं, आणि पुढच्या खाटेकडे वळले.

गौराबाई भिंतीपासून पुढं आली. सवयीनं तानुबाईनं कान तिच्याकडे केला. गौराबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाजूला सारलं आणि ती सासऱ्यांच्या समोरून, खाटेच्या या बाजूला आली.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. पडवीतल्या खाटांवरची माणसं वळून बघू लागली. वीरुपाक्षप्पांनी मान वर केली.

"मामंजी, म्या सांगायलेय," ती म्हणाली, आणि मग डॉक्टरांकडे सरळ बघून, "पाय काढा."